दही मी सोडलं, बिडी तुम्ही नाही

अहो सुजाताचे पप्पा,

तुम्हाला जाऊन वर्ष व्हायला आलं आणि आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितेय. रडून झालंय माझं. आज भांडायला बसलेय.

काल रविवारी विहारात वंदना मी म्हटली. नेहमी म्हणणाऱ्या सुमनबाई लेकीकडे गेल्या होत्या, तर बायकांनी मलाच पुढे ढकललं. नको नको म्हणत उभी राहिले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि शेवटपर्यंत घसा एकदाही खाकरावा लागला नाही! बाहेर आल्यावर सगळ्या म्हणाल्या, "कमलताई, आवाज आला की वो तुमचा माघारी." मी हसले. घरी आले आणि तुमच्या शिलाई मशिनीवर डोकं टेकून रडले. रागानं.

का, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

आठवतंय ना, माझा कफ कसा सुरू झाला? पुढच्या खोलीत तुमचं शिवणकाम, मागच्या खोलीत आपला संसार आणि मधल्या दारातून दिवसभर आत येणारा बिडीचा धूर. सकाळी उठलं की मी मोरीत खाकरत बसायचे. छातीत घरघर, घशाला काहीतरी चिकटलेलं, नाक कायम चोंदलेलं. अंगणवाडीत मुलांना गाणं म्हणून दाखवताना दुसऱ्याच ओळीला आवाज बसायचा. लग्न होऊन मिरजगावला आले तेव्हापासून विहारात पहिला आवाज माझा असायचा. तो मान मी माझ्या तोंडानं सुमनबाईंना देऊन टाकला. त्या दिवशी घरी येताना तुम्हीच म्हणालात, "तुझा आवाज न्हाई तर इहारात जीव लागत न्हाई बघ."

आणि मग पौर्णिमेला सगळ्यांच्या देखत तुम्ही बिडी सोडलीत! "आजपासनं न्हाई वढनार. हिच्या घशासाठी सोडतो." बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर नुसती फुलून गेले. चारचौघांत बायकोसाठी असं बोलणारा नवरा होता का कुणाचा आपल्या वस्तीत?

कफ मात्र गेला नाही. मला वाटलं, खोट माझ्यातच असेल.

नगरला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, ते आठवा जरा. त्यांनी पहिलंच विचारलं, "घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "न्हाई डॉक्टर, कवाच सोडली म्या." आणि मी वेडी! मी वर अभिमानानं सांगितलं की विहारात सगळ्यांसमोर शब्द दिलाय त्यांनी. मग डॉक्टर धूळ, चूल, थंड खाणं असलं विचारत बसले, आणि माझ्या जिभेवर संक्रांत आली. दही बंद, ताक बंद, केळं, पेरू, सगळं बंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरड्यास-भाकरी खाताना मी घोट घोट गरम पाणी प्यायचे आणि तुम्ही समोर ताक भुरकायचात.

कसं हो घशाखाली उतरलं तुमच्या?

आणि तो काढा! रोज माझ्या आधी उठून अडुळसा, आलं, गूळ घालून उकळायचात. वाफेचं पातेलं आणून ठेवायचात, माझ्या डोक्यावर टॉवेल टाकायचात, पाठ चोळायचात. "सुटतोय का गं?" म्हणून विचारायचात. शेजारणी जळायच्या माझ्यावर. मी अंगणवाडीतून यायच्या आधी बुद्धमूर्तीपुढे अगरबत्ती लावलेली असायची. मला वाटायचं, माणूस श्रद्धाळू झाला! सगळीकडे सांगत फिरले मी.

ती अगरबत्ती कशासाठी होती, हे तुम्ही गेल्यावर कळलं. मशिनीवर बसल्या बसल्या गेलात तुम्ही, अर्धवट शिवलेली कापडं तशीच पडलेली. ती ज्याची त्याला देत होते. वस्तीतल्या पारूबाई शिवायला टाकलेलं झंपर न्यायला आल्या. त्यांनी ते नाकाला लावलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"बिडीचा वास हाय बघ आजून. दर टायमाला धुऊनच घालायची म्या. आता कुठनं यायचा ह्यो वास?"

"त्यांनी तर सोडली होती," मी म्हटलं.

पारूबाईंनी पदर खाली केला. "आगं, तुला ठावं न्हाई? तू अंगनवाडीत गेली की खिडकी लावून वढायचा की त्यो."

म्हणजे गावातल्या झंपरांना ठाऊक होतं. फक्त माझ्या नाकाला नव्हतं, कारण ते तुम्हीच चोंदवून ठेवलं होतं. सुजाताला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, पप्पांनी गळ्याची शपथ घातली होती." लेकीलाही त्यात ओढलंत! बरेच दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

तरी माझं मन मानत नव्हतं. म्हटलं, ओढली असेल कधी एखादी. पण पावसाळा सरेपर्यंत मोरीतलं खाकरणं कमी झालं. दिवाळीत नाक मोकळं. लोक म्हणाले, औषध लागू पडलं. कसलं औषध? ते तर तुमच्या दुःखात मी कधीच बंद केलं होतं आणि काढा करायला घरात कुणी नव्हतं. माझ्याच छातीनं तुमच्या विरुद्ध साक्ष दिली, पप्पा. गेल्या आठवड्यात भीत भीत वाटीभर दही खाल्लं. काही झालं नाही. काहीच नाही! त्या रिकाम्या वाटीसमोर बसून तुम्हाला जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नुसतं सांगायचं होतंत हो! "कमल, जमत न्हाई मला," एवढंच. मी काय घराबाहेर काढणार होते? आरडाओरडा केला असता, अबोला धरला असता, आणि मग मशीन अंगणातल्या पत्र्याखाली हलवली असती. तिथं बसा आणि ओढा म्हटलं असतं. व्यसन सुटत नाही, हे मला कळतं. पण रोज पहाटे उठून केलेला तो काढा मायेचा होता, की मनाला खात होतं म्हणून होता? हे आता मी कुणाला विचारू? बिडीपेक्षा हेच जास्त लागलंय मला.

पुढच्या महिन्यात तुमचा पहिला स्मृतिदिन. भन्तेजी येणार आहेत, सुजाताही येतेय. वंदनेला सुमनबाईंना सांगू का, असं काल बायकांनी विचारलं. मी नको म्हटलं. ती मीच म्हणणार. तुम्हाला शब्द देते, आणि माझा शब्द मी पाळते: पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोकळ्या गळ्यानं म्हणेन, तुमच्या नावानं. माफ केलं असं समजू नका. ते अजून जमलेलं नाही. पण माझा आवाज तुम्हाला आवडायचा, तेवढं तरी खोटं नव्हतं, म्हणून म्हणेन.

ऐकायला तुम्ही हवे होतात, असं लिहिणार होते. पण तुम्ही असतात, तर हा आवाज नसता.

अजून तुमचीच,
कमल