रीतानं तपासलेली आपली माती

हैदराबाद, १२ ऑगस्ट २००३

तीर्थरूप बाबांना दिपालीचा नमस्कार.

मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही माझ्या प्रयोगासाठी पाठवलेली माती आली तेव्हा मी तापानं पडली होती, आईले सांगू नका. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी ती माझ्या वर्गातल्या रीताले तपासाले देली. माती आपली, अन् सेमिनारमध्ये टाळ्या तिले!

तिले दिसलं की धुऱ्यावरच्या, कधी न फवारलेल्या बांधाच्या मातीत जीवाणूंच्या खूप जाती आहेत. दरसाल फवारलेल्या कपाशीखाली मोजक्याच उरल्या, अन् त्याही आनुवंशिकदृष्ट्या जवळपास सारख्याच. पुढं दुष्काळासारखा ताण आला तर साऱ्या एकदमच मरतील, अन् मातीचा कस जाईल.

"ही माती कोणाच्या वावरातली?" तिनं मले विचारलं.

"माहीत नाई," मी म्हटलं.

अजूनही जळफळते मी. पण तिचं खरं आहे, बाबा. यंदा फवारणी कमी करजा.

तुमची लाडकी,
दिपाली