मोहाखालची तार

१० डिसेंबर २०१७

आलो एकदाचा! सकाळी मालक जाहिदभाईंच्या पिकअपमध्ये चंद्रपूर सोडलं. मागे ग्राफिक कार्डांची खोकी, खोक्यांवर माझी गादी. आष्टीला पुलाच्या अलीकडे गरम आलुबोंडे खाल्ले. मुलचेरा मागे पडलं, बंगाली लोकांची गावं मागे पडली, मग दोन्ही बाजूंनी नुसतं रान. रानाच्या तोंडाशी ही बंद पडलेली भाताची गिरणी. आता इथंच माझा मुक्काम.

अब्बांना मायनिंगचं काम मिळालं म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, कोळशाच्या खाणीत उतरायला तुला डिप्लोमा करवला का? मोटारी वाइंड करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, चूक त्यांची नाही. चंद्रपुरात खाण म्हणजे कोळशाचीच. ही खाण वेगळी आहे. मशिनी दिवसरात्र गणितं सोडवतात, त्या बदल्यात कॉम्प्युटरवरची नाणी मिळतात. नाण्याचा भाव जगभर चढत चाललाय. मशिनींना लागते ती वीज, आणि गिरणीला जुनी जाड लाइन आहे. वायरिंग सांभाळायचं काम माझं. पगार नाण्यांतच द्या, असं मी स्वतःहून सांगितलं. जाहिदभाईंनी पाठ थोपटली.

तिसरा माणूस सुनिल. तो पिकअप चालवतो, स्वयंपाक करतो आणि अखंड गातो. मशिनींच्या हॉलमध्ये पंख्यांचा एवढा आवाज आहे की त्याचं गाणं ऐकू येत नाही, हे बरंच आहे.

रोजनिशीची सवय बोरकर सरांनी शाळेत लावली. घरात सगळे उर्दूत लिहितात, मी एकटा मराठीवाला.

१७ डिसेंबर

भाव असा चढला की जाहिदभाई पिकअपच्या टपावर उभे राहून नाचले. मग सुनिलला मुलचेऱ्याला पिटाळून पेढे आणले आणि गावात वाटले. गाव म्हणजे गिरणीमागची तीसेक घरं, सगळी गोंड माणसं. म्हातारे पत्रूभाऊ सगळ्यांच्या वतीनं बोलतात. कशाचे पेढे म्हणून त्यांनी विचारलं. जाहिदभाई म्हणाले, पैसा पिकला. पत्रूभाऊंनी गिरणीकडे बघितलं आणि विचारलं, "धान त दिसत नाई कुठी. मंग पिकते काय?"

आम्ही खूप हसलो.

गिरणीच्या आवारात मोहाचं मोठं झाड आहे. इतवारीबाई नावाच्या एका बाईनं मला बजावून ठेवलं की त्याची फुलं दरसाल ती वेचते. तिच्या सासूपासूनची रीत आहे. मी म्हटलं, वेच बाई, आम्हाला काय करायची फुलं.

१७ जानेवारी २०१८

भाव कोसळला. नुसता उतरला नाही, कोसळला. सुनिलचं गाणं बंद. तो मला म्हणाला, "आपून डुबलो रे फैज." जाहिदभाई दिवसभर पडद्यासमोरून हलले नाहीत. त्यांचं जेवणाचं ताट तिथंच वाळलं. माझा महिन्याचा पगारही त्याच नाण्यांत आहे. मी मनात हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला.

संध्याकाळी ते उठले, तोंड धुतलं आणि शांतपणे म्हणाले, भाव पडला की भित्रे पळतात, राहतो त्याला जास्त मिळतं. मशिनी वाढवायच्या. मला ते पटलं. खरं तर मला ते पटायलाच हवं होतं.

९ फेब्रुवारी

नवीन मशिनी आल्या, पण लाइन पुरेना. डीपीवरून गावाकडे जाणारा फेज तोडून गिरणीला जोडायला जाहिदभाईंनी सांगितलं. गावाचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, यांच्या घरी एकेक बल्ब, त्यानं काय बिघडतं?

भर दुपारी खांबावर चढलो. खाली इतवारीबाईचा मुलगा लालसू उभा होता. तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, नुकताच परतलेला. माझ्याच वयाचा असेल. सांभाळून भाऊ, म्हणाला, आणि शिडी धरून ठेवली. काय करून राहिलो ते त्यानं विचारलं. मी दुरुस्ती म्हटलं.

१८ फेब्रुवारी

गावात अंधार आहेच, शिवाय नळयोजनेचा पंप चालत नाही. बाया नाल्यावरून पाणी आणतात. पत्रूभाऊ आणि लालसू अर्ज लिहून मागायला आले. सोबत एक भोपळा आणला होता. जाहिदभाईंनी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा पाजला. वीज खात्याच्या साहेबांच्या नावानं सुंदर अक्षरात अर्ज लिहिला, त्यावर पत्रूभाऊंचा अंगठा घेतला आणि स्वतः मुलचेऱ्याला नेऊन देतो म्हणाले.

दोघं फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी अर्जाची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलेनासं झालं. सुनिल इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. भोपळ्याची भाजी चांगली झाली होती.

११ मार्च

भाव रोज थोडा थोडा मरतोय. जाहिदभाई झोपत नाहीत. इंटरनेटवरच्या त्यांच्या दोस्तांपैकी एकेक जण गप्प होत चाललाय. नागपूरच्या एकानं सगळं विकून टाकलं म्हणे. त्याला त्यांनी तासभर शिव्या लिहिल्या.

रानडुकरांनी मागची केबल उकरली. कुंपणाला तार ओढून करंट सोडायचं ठरलं. फक्त रात्री, नुसता झटका बसेल एवढाच, असं ते म्हणाले. नुसता झटका देणारं यंत्र वेगळं असतं. आम्ही सरळ लाइनचा करंट सोडला. मला फरक माहीत आहे. तार मीच ओढली. रोज सकाळी जोड काढायची, अंधार पडताना लावायची, ही माझी अट. गावालाही तसं सांगितलं.

१९ मार्च

तारेला डुक्कर मेलं. चारही पाय ताठ, दातांत जीभ. सुनिलनं ते कापायला घेतलं. जाहिदभाई लांबून बघत होते. डुकराचा त्यांना विटाळ, पण नजर हटली नाही. केवढ्या लवकर मेलं, असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

१२ एप्रिल, सकाळ

मोह गळतोय. सगळ्या आवारात त्याचा गोड, आंबूस वास. इतवारीबाई फाटकातून आत येऊन फुलं वेचत होती. आठवडाभर ती येतेच आहे. आज जाहिदभाईंचं डोकं फिरलं. बँकांनी नाण्यांच्या व्यवहाराला हात लावायचा नाही असा हुकूम निघालाय, त्याचा राग. सुनिलला तिच्या अंगावर सोडलं. सुनिल काठी घेऊन धावला, ती पळाली, टोपली झाडाखालीच राहिली. टोपलीसाठी ती परत वळत होती, तर यानं तिच्या पाठीत काठी घातली.

नंतर जाहिदभाई मला म्हणाले, आता तार दिवसाही चालू ठेवायची. रोज जोड काढायची भानगड नको, सरळ मेनला जोड. गावाला सांगून येतो, असं मी म्हणालो. ते म्हणाले, आधी जोड, मग जा.

जोडली. हात धुऊन जेवायला बसलो. गावात जायचं राहिलं.

१२ एप्रिल

लालसू गेला.

नीट लिहितो. दुपारी भाव एकाएकी उसळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. जाहिदभाई ओरडले, विकतो, सगळं विकतो. तेवढ्यात मागून आवाज आला. लालसू आईची टोपली काढायला आला होता. तारेतून हात घालून. हात तारेला चिकटला होता आणि तो गुडघ्यांवर. डोळे उघडे. माझ्याकडे—

मी मेनकडे धावलो. जाहिदभाईंनी माझी कॉलर धरली. इंटरनेटचा अँटेना त्याच मेनवर आहे. ते म्हणाले, "रुक. एवढा सौदा होऊ दे."

सुनिल मेनच्या खटक्यासमोर उभा राहिला. मी बांबू घेऊन बाहेर गेलो, तारेवरून त्याला ढकलायला. बांबू ओला होता, मलाच झिणझिण्या आल्या. परत आत. अजून सौदा होत होता. पडद्यावर एक चकती गरगर फिरत होती. आम्ही तिघं ती चकती बघत उभे होतो. मीही. मीही ती चकतीच बघत होतो.

मग ते म्हणाले, झालं. पाड आता.

१३ एप्रिल

काल त्यांनी लालसूला ताडपत्रीत गुंडाळून पिकअपमधून नाल्याकडे नेलं, संध्याकाळ व्हायच्या आत. वाटेत दोन सायकलवाले भेटले, सुनिलनं त्यांना हात केला म्हणे. मला मागे ठेवलं, तार पुन्हा ताणायला. ताणली. तारेवर कातडीचा— ते मी चिंध्यांनी पुसलं. टोपली चुलीत घातली.

शिडी धरली होती त्यानं माझी.

रात्री जाहिदभाईंनी चिकन करायला लावलं. चांगल्या भावात सुटलो, म्हणाले. माझा वाटा वेगळा काढलाय म्हणाले. मी शुक्रिया म्हणालो. ते शब्द माझ्या तोंडातून निघाले.

१५ एप्रिल

लालसू सापडला. आवारात उभं राहिलं की गावातून रडणं ऐकू येतं. जाहिदभाई दोन दिवस झाले तिथंच जाऊन बसतात. सरणाची लाकडं त्यांच्याच पिकअपमधून गेली. इतवारीबाईनं त्यांचे हात हातात घेतले, असं सुनिल सांगत होता. आज तो हसला नाही.

मला घरी जायचंय. जाहिदभाई म्हणाले, आत्ता गेलास तर लोकांना शंका येईल. ते खरं आहे. खरं आहे ना?

१७ एप्रिल

चांगल्या मशिनी पिकअपमध्ये भरल्या. नागपूरला विकून उद्या तुला न्यायला येतो म्हणाले. अँटेनाही काढून नेला. इथं मोबाइलला रेंज नाही. फाटकाला बाहेरून कुलूप घातलं, माझ्याच भल्यासाठी. सुनिलनं माझ्याकडे बघितलं नाही.

उरलेल्या मशिनी चालू आहेत. तार चालू आहे.

१८ एप्रिल

आले नाहीत.

१९ एप्रिल

पत्रूभाऊ फाटकाशी आले. एकटेच. हाक मारली. मी जवळ गेलो, पण फाटकापासून लांबच उभा राहिलो. तेही लांबच होते. लालसूच्या हाताला तारेचा चरका होता, सगळ्यांनी पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "जाहिदभाऊ सांगून गेले का तार तुवाच लावली. त्यायनं नाई म्हटलं, तरी तुवा लावली. तूच सांग बाबू, खरं हाय का?"

काय सांगू? तार मीच लावली. दिवसा मीच जोडली. गावाची वीज मीच तोडली. एवढं सगळं खरं आहे. सौद्याचं सांगायला लागलो. चकती, भाव, अँटेना. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. पुरतं ऐकायच्या आधी ते वळले.

जाताना म्हणाले, "त्याची माय जेवून नाई राह्यली."

अंधार पडायच्या आत रानातून निघून जावं. पण वाट गावातूनच आहे. आणि तार बंद करावी लागेल. तार बंद केली तर—

२० एप्रिल

पाणी संपलं. नाला कुंपणाबाहेर.

जाहिदभाई येणार नाहीत. आज पहिल्यांदा लिहिलं.

मशिनी बंद केल्या तर निदान उकाडा कमी होईल. पण मेन एकच. मेन पाडला की तार मेली. तार मेली की मी—. त्यापेक्षा उकाडा बरा.

२१ एप्रिल

येताहेत. दिवसाढवळ्या. हॉलच्या झरोक्यातून दिसतं. सगळं गाव, बायासुद्धा. कुणी ओरडत नाही. कुऱ्हाडी खांद्यावर. फाटकाकडे नाही, मागून, मोहाच्या बाजूनं.

त्यांना वाटत असेल दिवसा तार बंद असते. की आता बंदच केली असेल, असं वाटत असेल. जो पहिला हात लावेल—

बाहेर पडायची हिंमत नाही, झरोक्यातूनच ओरडलो. घसा फुटेपर्यंत. पंख्यांपुढे काही जात नाही. पंखे थांबवायचे तर मेन पाडायचा. मेन पाडला तर ते आत.

एकालाच बसेल. एक पडला की बाकीचे मागे सरतील. एकच. मग मी बोलेन त्यांच्याशी. मग ऐकतील. एवढाच—

पुढे इतवारीबाई आहे.

नवी टोपली आणली आहे तिनं. कशाला आणली? झाडाखाली फुलांचा खच पडलाय, कुणी वेचली नाहीत.

पत्रूभाऊ मागून तिला काही सांगताहेत. ती थांबत नाही. पदर खोचला. खाली वाकली. तारेखालून जाणार, एक हात पुढे—

खटका माझ्या हाताशी आहे आणि मी लिहीत काय बसलो आहे, हात उचलायचा तर मी इथं