सोमवारी, पुढच्या दाराशी

शीप स्ट्रीट,
११ ऑक्टोबर १८८७

प्रिय ड्रुसी,

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे बरे आहोत. एनॉकचा खोकला तेवढा तसाच आहे. पावाच्या भट्टीपुढे उभं राहणाऱ्या नवऱ्याचा खोकला कुठला सुटायला! वॉल्टर भावोजींना आमची आठवण सांग.

तुमचं कापडाचं दुकान आता चौकातूनच ओळखू येतं. बारक्या बारक्या काचा जाऊन एकच अखंड काच आली, आत गॅसचे दिवे. पाव घ्यायला निघालेल्या बायका रेशीम बघत तिथेच खिळतात. वर तुम्ही राहायचात त्या खोल्यांत टोप्यांची खोकी रचली आहेत. आपणही तशी काच बसवू, असं एनॉक म्हणाला. मी त्याला झिडकारलं.

खरं सांगू? मला ती काच हवी आहे. तुझ्या नव्या घराची बाग हवी आहे, पिठाचा कण न बसणारे पडदे हवे आहेत. जळते मी तुझ्यावर. आपण दोघी याच पावाच्या दुकानाच्या माडीवर एका पांघरुणात वाढलो, आणि आता तुझ्या घरात काहीच विकलं जात नाही.

त्यात आता आईला तुझ्याकडे राहायला पाठव म्हणतेस. ती नाहीच म्हणेल अशा खात्रीनं मी तिला विचारलं.

"मला जायचंय गं, हेस्टर," ती म्हणाली. "तुझा जिना गुडघ्यांना झेपत नाही."

"तिथं दिवसभर रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. कंटाळशील."

"जन्मभर गिऱ्हाइकंच बघितली. आता पुरे."

त्या दिवशी मी कणीक गरजेपेक्षा जास्तच तिंबली.

पत्राच्या शेवटी विचारलं आहेस, नवं घर बघायला अजून कशी आली नाहीस. आले होते, ड्रुसी. ऑगस्टमध्ये, तुझ्या आवडीचा मनुकांचा केक घेऊन. तुमच्या भागातल्या घरांना पाव पोचवताना नेहमी बाजूच्या दारानं जायचं, म्हणून पाय आपसूक तिकडेच वळले. मोलकरणीनं केक काढून घेतला, रिकामी टोपली हातात दिली आणि दार लावलं. तिची काय चूक? मी हसून पुढच्या दाराकडे आलेही असते. पण तू दर्शनी खिडकीत उभी होतीस, मागे चहाला आलेल्या बायका होत्या. आपली नजरानजर झाली आणि तू पडदा ओढलास.

केक कसा झाला होता, ते तू अजून कळवलेलं नाहीस.

सोमवारी दुपारी आईला घेऊन येते. एनॉकच्या पावाच्या गाडीतूनच येऊ, आमच्याकडे दुसरी गाडी नाही. ती पुढच्या फाटकाशी उभी राहील, शेजाऱ्यांना दिसली तर दिसू दे. घंटा मी वाजवीन. दार तू स्वतः उघड, आणि घरात कोणी बसलं असेल तर मी तुझी कोण ते त्यांच्यासमोर सांग. मोलकरीण दाराशी आली, तर आईला तशीच परत आणीन. जिना मी तिला पाठीवर घेऊन चढेन.

तुझी सख्खी बहीण,
हेस्टर