चिलीम उर्पोला, नळी कोणाला

मी, ओस्मो काल्लुंकी, वय एकोणपन्नास, हौकिलाम्पी गावच्या चर्चचा राखणदार, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल बायकोला शंका असली तरी डॉक्टरांना नाही. सोमवारी ओउलूच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. झडप डॉक्टरांच्या हाती, बाकीचा मी देवाच्या. दोघांवरही माझा भरवसा आहे. तरी मागे गोंधळ ठेवू नये. आमच्या वडिलांनी ठेवला होता.

१. घर, तळ्याकाठची सौना म्हणजे वाफेची न्हाणी आणि बँकेतली शिल्लक पत्नी हिल्का हिला; तिच्यामागे आमची एकुलती लेक टेर्ही हिला. सौनाचे धुराडे दर वसंतात झाडावे. हिल्काला हे माहीत आहे. तरी लिहितो.

२. गवत कापायचा माझा लांब दांड्याचा विळा शेजारी रेइनो अकरा वर्षांपूर्वी 'उद्या आणून देतो' म्हणून घेऊन गेला. तो विळा आता त्याचाच. धार लावायचा दगड मात्र माझ्याकडे आहे. तो न्यायला त्याने स्वतः यावे आणि हिल्काकडे कॉफी पिऊन जावे.

३. वडिलांची मूस हरणाच्या शिकारीची बंदूक. इथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

वडिलांनी आपल्या मृत्युपत्रात दोनच ओळी लिहिल्या होत्या: 'बंदूक ओस्मोला. पीप्पू उर्पोला.' आमच्याकडे तंबाखूच्या चिलमीला पीप्पू म्हणतात आणि बंदुकीच्या नळीलाही. वडील चिलीम तोंडातून काढत ती फक्त प्रार्थनेपुरती, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. माझा थोरला भाऊ उर्पो चिलीम घेऊन गेला. तो तंबाखू ओढत नाही.

वीस वर्षे बरी गेली. मग टेर्हीने नेमबाजीची परीक्षा द्यायचे ठरवले. बंदूक ९.३ च्या जाड काडतुसाची, खेचरासारखी लाथ मारणारी. दहा बारांत पोरीचा खांदा काळानिळा होई आणि अकराव्याला ती चाप ओढण्याआधीच डोळे मिटून घेई. मिटल्या डोळ्यांनी झाडलेली गोळी जनावराला मारत नाही, नुसती जखमी करून रानात सोडते. त्याचे पाप मी डोक्यावर घेणार नव्हतो. म्हणून परवाना काढून बंदूक ओइवा मिस्त्रीकडे नेली आणि ७.६२ च्या काडतुसाची नळी बसवायला सांगितली. दोन्ही काडतुसांचे बूड सारखेच, त्यामुळे नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट आणि दस्ता वडिलांचेच राहिले.

जुनी नळी साठ वर्षांत जागची हलली नव्हती. ओइवाने ती पकडीत आवळली, आट्यांना रात्रभर तेल पाजले, आणि सकाळी लांब दांड्याला आम्ही दोघे लोंबकळलो तेव्हा ती कडकन सुटली. ओइवा म्हणाला, "काल्लुंकी मंडळीच अशी. धरलेलं सोडत नाहीत." नवी नळी बसवल्यावर त्याने मापाची दोन खोटी काडतुसे घालून पाहिली: एकावर बोल्ट मिटायला हवा, केसभर लांब असलेल्या दुसऱ्यावर मिटता कामा नये. दोन्ही तसेच झाले.

बातमी ऐकून उर्पो दारात उभा राहिला.

"नळी सुटी झाली म्हणे. मग ती माझी. मी आयुष्यात कधी चिलीम ओढली का रे, ओस्मो?"

मी म्हणालो की बंदूक एकाला आणि नळी दुसऱ्याला असे कोणी देत नाही.

"सुटी तर तूच केलीस," तो म्हणाला आणि निघून गेला.

दोन वर्षे आमचे बोलणे बंद आहे. उर्पो गावच्या शिकारटोळीचा म्होरक्या. शिकारीत कोणी कुठल्या ठाण्यावर उभे राहायचे हे तोच ठरवतो. नव्या नळीवर टेर्ही परीक्षा पास झाली, पण दोन्ही मोसमांत तिला ठाणे मिळाले नाही. रश्शाच्या पातेल्याशी उभे केले.

म्हणून: बंदूक टेर्हीला आणि जुनी नळी उर्पोला. वडिलांच्या मनात काय होते ते मला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखा वागलो, ही माझी चूक. नळी बाळगायलाही परवाना लागतो. अर्ज भरून ठेवला आहे, उर्पोची सही तेवढी हवी.

४. ठाणे मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकील सांगतात. विनंती करता येते. उर्पो, पोरीला ठाणे दे.

५. मला निरोप देताना स्तोत्रे हवी तितकी म्हणावी. भाषण एकही नको.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी: वरचा मजकूर सकाळी लिहून झाला. साक्षीला सख्खा भाऊ चालत नाही, म्हणून पोस्टमन पेंट्टीला विचारले. त्याने कागद वाचला, दुपारी येतो म्हणाला आणि टपालाबरोबर मजकूरही वाटत गेला. तासाभरात उर्पो सायकलवरून आला.

"नळीसाठी तुझ्या मरणाची वाट बघत बसू का?" म्हणाला आणि अर्जावर सही केली. मग टेर्हीला हाक मारली.

"शनिवारी सकाळी सहाला, दलदलीच्या पलीकडे. वारा तोंडावर घेऊन उभी राहा. वासाचा साबण लावून आलीस तर परत पाठवीन."

"हो काका," टेर्ही म्हणाली, आणि हिल्काने कॉफी ठेवली.

सबब कलम चार खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

ओस्मो काल्लुंकी

आम्ही दोघांनी एकाच वेळी हजर राहून ही सही होताना पाहिली. लिहिणारा शुद्धीवर व खुशीत होता.
पेंट्टी व्हेस्टेरिनेन, पोस्टमन
लेआ हेइक्किला, परिचारिका

हौकिलाम्पी, ९ सप्टेंबर १९९८