आजीचं माहेर आणि चुकीची तपासणी
निजामपुरा, रविवार संध्याकाळ

खाडीकाठच्या लेकांनो, आपल्या आज्यांची माहेरं कुणी पुसली? आपल्याच रिवाजांनी! घ्या, रोजनिशीतही सभा भरवली मी. पण राग खरा आहे. लग्नात आजीचं नाव बदललं आणि वंशावळीत ती नुसती ‘पत्नी’ उरली.

तिचं माहेर शोधायला डीएनए तपासणी मागवली. पाकीट बघून मुलगी हसलीच. "बाबा, ही फक्त बापाच्या बापाकडे जाते. यात आजी कुठली सापडायला?" घराणं म्हणजे बाप, हे माझ्याही हाडात मुरलेलं, भाषणं मात्र बायकांच्या हक्कांवर! तिच्या मते आई-बाप दोन्हीकडची तपासणी हवी आणि तीही आत्याची. आत्यात आजीचा निम्मा अंश, माझ्यात साधारण पाव. गावाचं नाव कळणार नाही, पण एखादा नातलग जुळेल.

कशेळीला सुकट वाळवताना आजी खाडीपलीकडे हात करायची. "तिकरं माझी आय हाय." तिकडे म्हणजे कुठे? आम्हा पोरांना फक्त पाणी दिसायचं. तो हात आज सारखा डोळ्यांपुढे येतोय.

अंबाडीला राहणाऱ्या आत्याला फोन केला, लाळेचा नमुना मागितला.

"लगीन लावून माझं नाव काढलंत, आन् आता थुकी मागतोस व्हय रं?"

मग तीच हळूच म्हणाली, "आयच्या माहेरचं कुनी गावंल का पन?"

आत्या थकलीय. तिच्यामागे आजीचा एवढा अंश कुणातच नाही.

स्वतःलाच सांगतो, भाषण पुरे. आत्ताच दुसरी तपासणी मागव, आणि पाकिटावर आत्याचं माहेरचं नाव घाल.