गोपालच्या आईची हरकत

१० जून २०२५

पुन्हा हात हलवत परत. चंद्रपूरच्या कचेरीतला बाबू म्हणाला, "मॅडम, तुमच्या पेन्शनवर हरकत आली आहे." कुणाची? "तुमच्या सासूबाईंची." वाचून दाखवलं त्यानं. सून घरी नांदत नाही, आम्हाला विचारत नाही, तिला पेन्शन देऊ नये.

नांदत नाही म्हणे! गोपाल होता तेव्हा त्याच्यासोबत विशाखापट्टणमला होते. तो गेल्यावर धानोऱ्याच्या शाळेत नोकरी धरली. खायचं काय होतं मग?

११ जून

लेफ्टनंट गोपाल. नेव्हीत ऑफिसर झालेला गावातला पहिला. जहाजाला आग लागली, वर आला होता, आत अडकलेल्यांसाठी परत खाली उतरला. चौकात त्याचा फोटो लावला तेव्हा पुढाऱ्यांची रांग. दीड वर्ष झालं. आता त्यातला एकही फोन उचलत नाही.

१४ जून

भूपेश भाऊजींना, माझ्या धाकट्या दिराला, फोन केला. नदीवर जाळं टाकून नुकतेच घरी आले होते.

"मी काय करू वहिनी? आई आयकूनच नाई राह्यली. तुमचं नाव निघालं का ताटावरून उठते."

उठू दे.

२४ जून

चौकशी होती. सासूबाई ब्रह्मपुरीहून बसनं आल्या, सोबत भाऊजी. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांनी विचारलं, "गोकुळाबाई, हरकत कशासाठी?"

"पैशासाठी नाई साहेब. माह्या पोराची पेटी दारात आली. इनं उघडू देल्ली नाई. मले त्याचं तोंड पाहू देल्लं नाई. आता इले काऊन भेटावं?"

साहेबांनी ते लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात गाठलं त्यांना. भाऊजी चहा सांगायला गेले होते. "आई, तोंड नव्हतंच," मी म्हणाले. "ओळख पटवायला मला नेलं. पायावरून ओळखलं मी त्याला. पाहायचं होतं ना तुम्हाला? मग ऐका." आणि सांगितलं. आगीनं काय काय केलं ते सगळं. काही वगळलं नाही.

भिंतीला धरून त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. "पुरे वं," एवढंच.

मला बरं वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदा. हे इथं लिहिते — दुसऱ्या कुणाला सांगणार?

२ जुलै

बाबूचा फोन. हरकत मागे घेतली.

२० ऑगस्ट

पेन्शन मंजूर. शाळेतल्या ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "पेढे पाह्यजेत आता!" हसले. कशाचे पेढे? त्याच्या मरणावर सरकारी शिक्का बसला, त्याचे?

२१ ऑगस्ट

भाऊजींचा फोन. "वहिनी, आई चुलीजवळ जात नाई. गॅस पेटवला तरी अंगणात पळते. चंद्रपूरहून आली तवापासून असंच. तुम्ही काय सांगतलं तिले?"

फोन ठेवला.

रजा टाकली. उद्या सकाळच्या गाडीनं ब्रह्मपुरीला जाते. सासूबाईंपुरतं मी रांधीन — घरामागं, नदीच्या अंगाला, जाळ त्यांना दिसणार नाही तिथं.