हळदीकुंकवाच्या फोटोखालची ओळ

प्रति,
मा. कार्यवाह,
सेव्हर्नकाठ मराठी मंडळ, कार्डिफ

विषय : बातमीतला फोटो मंडळाच्या कार्यक्रमातला असल्याबद्दल पत्र मिळणेबाबत.
संदर्भ : माझे दि. ७ एप्रिल व १२ मे २०२५ चे अर्ज.

मा. कार्यवाह महोदय,

दि. १८ मार्च रोजी सकाळी नऊ वाजता हॉस्पिटलमधून फोन आला, की माझी पत्नी मधुमती गेली. चार दिवसांनी तिची बातमी पेपरात आली. त्यात ती जिवंत होती.

गुन्हा खरा आहे. २००४ साली तिच्या गाडीची धडक बसून एक गृहस्थ दगावले. चौदा महिन्यांची शिक्षा झाली, ती तिने भोगली. आम्ही भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. गेल्या वर्षी ऑनलाइन व्हिसा करताना जुनी फाइल निघाली व हद्दपारीची नोटीस आली. तिने अपील केले होते.

बातमीत अद्याप हद्दपार न झालेल्या सहा परदेशी माणसांची नावे आहेत. मधुमतीचा हसरा फोटो आहे व खाली 'अपिलानंतर पार्टीत' अशी ओळ आहे. तिची एकोणीस वर्षांची हॉस्पिटलच्या वॉर्डातली नोकरी बातमीत नाही. त्याच पानावर तशाच अपघाताची दुसरी बातमी आहे. ती गाडी चालवणाऱ्या बाई जन्माने इथल्याच. तिथे मथळा 'दोन घरांचे दुःख' असा आहे.

सदर फोटो जानेवारी २०१४ मधल्या आपल्या हळदीकुंकवाचा आहे. तो पत्रकाराला आपल्या नीनाताईंनी पाठवला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला वाटलं आपल्या सणांवर लेख येतोय, म्हणून छान हसरा शोधून दिला." माझा त्यांच्यावर राग नाही.

पेपरचे म्हणणे, कार्यक्रम कोणता हे आयोजकांनी लेखी कळवावे, मग दुरुस्ती छापू. मंडळाचे म्हणणे, ते हळदीकुंकूच होते याचा पुरावा मी द्यावा, अकरा वर्षांपूर्वीचे दप्तर आता नाही. सबब त्या दिवशी तिला मिळालेले वाण, म्हणजे चहाची गाळणी, सोबत जोडली आहे. फोटोत ती तिच्या हातात दिसते. पाहून परत करावी. रोज लागते.

त्याऐवजी दिवाळी अंकात फोटोशिवाय श्रद्धांजली देऊ, असे समितीने सुचवले. ती नको. मंडळाचे नाव पेपरात येईल अशी भीती असल्यास, फोटोत मागच्या फलकावर ते आलेच आहे. मराठीत असल्याने तिथे कुणी वाचले नाही, एवढेच.

मंडळाचा १९९८ पासूनचा सभासद,
पद्माकर निरगुडकर
कार्डिफ, दि. ९ जून २०२५

सोबत :
१) बातमीचे कात्रण
२) गाळणी
३) पेपरला द्यायचे चार ओळींचे पत्र. मी लिहून ठेवले आहे. आपली सही व्हायची आहे.